ब्लूजगायिका एथेल वॉटर्स

मनुष्य सुखात गातो, तसा दुःखातही गातो. आपल्याकडे पहाटेच्या वेळी जात्याच्या घरघरीबरोबर स्त्रियांनी आपले मन ओव्यांतून मोकळे केले. सागरापलीकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, कापसाच्या विस्तीर्ण मळ्यांतून राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनीही असेच केले. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु दारिद्र्य गेले नाही आणि अपमानही थांबला नाही. त्या दुःखातून एक नवे गाणे जन्मास आले. त्याचे नाव 'ब्लूज'.

'ब्ल्यू' म्हणजे निळा. परंतु इंग्रजी भाषेत मन उदास झाले म्हणजेही हाच शब्द योजतात. ब्लूज गीताची रचना अगदी साधी असते. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा एकदा म्हणावयाची आणि मग तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. गायकाची ओळ संपली की उरलेल्या जागेत वाद्य बोलू लागते. जणू दुःख सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकार देत आहे. काही स्वर किंचित उतरवून म्हटले जातात. त्यामुळे गाण्याला एक प्रकारचा आर्त रंग चढतो. मात्र ब्लूज म्हणजे केवळ रडगाणे नव्हे. त्यात थट्टा असते, चीड असते आणि संकटाला पुरून उरण्याची जिद्दही असते.

हे गाणे गात गात एक मोलकरीण रंगभूमीवर आली आणि तेथून चित्रपटाच्या पडद्यावर पोहोचली. तिचे नाव एथेल वॉटर्स.

एथेलचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर या गावी झाला. तिची आई तेव्हा स्वतःच अजाण वयाची मुलगी होती. वडिलांचे छत्र एथेलला कधीच लाभले नाही. तिला वाढवले ते तिच्या आजीने. आजीचे नाव सॅली अँडरसन. ती गोऱ्या लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी. मालकाच्या घरीच राहावे लागत असल्यामुळे तिला नातीजवळ फार वेळ बसता येत नसे. दुसऱ्यांची घरे लख्ख ठेवणाऱ्या त्या स्त्रीला स्वतःचे घर मात्र नीट मांडता आले नाही. चेस्टर आणि फिलाडेल्फिया या शहरांतील गलिच्छ वस्त्यांतून एथेलचे बालपण या खोलीतून त्या खोलीत असे भटकण्यात गेले. पोटाची आग शमवण्यासाठी तिने कधीकधी खाण्याच्या वस्तू चोरल्याही. पुढे आपले आत्मचरित्र लिहिताना तिने ही गोष्ट लपवून ठेवली नाही.

त्या काळोखात दोन दिवे मिणमिणत होते. एक होता शाळेतील जोगिणींचा जिव्हाळा. दुसरा होता आजीचा धर्मभाव. आजीला एक भजन फार प्रिय होते. परमेश्वराची दृष्टी इवल्याशा चिमणीवरही असते, मग तो मनुष्याला कसा विसरेल, असा त्या भजनाचा आशय होता. हे भजन एथेलच्या मनात कायमचे घर करून राहिले.

वयाच्या तेराव्या वर्षीच तिचे लग्न लावून देण्यात आले. पती क्रूर स्वभावाचा निघाला. एथेल लवकरच त्या बंधनातून बाहेर पडली आणि फिलाडेल्फियातील एका हॉटेलात खोल्या झाडण्याचे काम करू लागली. तिला आठवड्याला पावणेपाच डॉलर मिळत. या वेळी तिची महत्त्वाकांक्षा एवढीच होती, की एखाद्या श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून आपणांस नोकरी मिळावी आणि तिच्याबरोबर जग पाहावे.

परंतु दैवाच्या मनात काही निराळे होते. सतराव्या वाढदिवशी ती एका समारंभाला गेली होती. तेथे मित्रमंडळींच्या आग्रहावरून तिने दोन गाणी म्हटली. ती ऐकून लोक थक्क झाले. लगेच बाल्टिमोर येथील लिंकन थिएटरमध्ये गाण्यासाठी तिला बोलावणे आले. आठवड्याला १० डॉलर वेतन ठरले. झाडू घेणाऱ्या मुलीला ही रक्कम मोठीच वाटली. प्रेक्षक खूश होऊन रंगमंचावर नाणी फेकीत. ती मात्र तिच्या हाती न पडता व्यवस्थापकांच्या खिशात जात. उंच व सडपातळ बांध्यामुळे जाहिरातीत तिला शेंगेची उपमा देणारे एक गमतीदार टोपणनाव देण्यात आले होते. बाल्टिमोर येथे तिने डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराचे 'सेंट लुई ब्लूज' हे गीत म्हटले. हे गीत व्यवसाय म्हणून रंगमंचावर गाणारी पहिली स्त्री आपणच, असे तिने पुढे अभिमानाने सांगितले आहे.

यानंतर गावोगावची भटकंती सुरू झाली. दक्षिणेतील अटलांटा शहरी एक प्रसंग घडला. तेथे बेसी स्मिथ ही नामांकित गायिका त्याच ठिकाणी गात होती. पुढे 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणून जिची कीर्ती झाली, तीच ही. आपल्या कार्यक्रमासमोर दुसऱ्या कोणी ब्लूज गाऊ नये, अशी बेसीची अट होती. एथेलने त्या ज्येष्ठ गायिकेचा मान राखला आणि ती इतर प्रकारची लोकप्रिय गीते म्हणू लागली. प्रारंभी ही अडचण वाटली. पण तीच पुढे वरदान ठरली. कारण निरनिराळ्या प्रकारची गाणी निरनिराळ्या भावाने म्हणण्याची सवय तिला तेव्हापासून लागली.

बेसी स्मिथसारख्या गायिकांचा आवाज भरदार आणि पल्लेदार असे. ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावाचून तो तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाई. एथेलची रीत वेगळी होती. ती ओरडून गात नसे. तिचा उच्चार इतका स्पष्ट असे, की गीतातील एकही शब्द श्रोत्यांच्या कानांतून निसटत नसे. गाणे म्हणजे केवळ स्वर नव्हेत. ती कोणा एका माणसाची कथा आहे, असे ती मानी. म्हणून गाताना ती त्या माणसाचे रूप घेई. गाण्यातील स्त्री रुसली तर तिचा स्वर रुसे. तिने टोमणा मारला तर स्वरातही मिस्कीलपणा येई. पुढे ती मोठी अभिनेत्री झाली, तिचे बीज येथेच रुजले होते.

१९१९ च्या सुमारास ती न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या भागात राहावयास आली. दक्षिणेतील जाच चुकवून आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे वसली होती. लेखक, कवी, चित्रकार आणि वादक यांच्या सहवासाने हार्लेम गजबजून गेले होते. तेथील एका लहानशा तळघरातील उपाहारगृहात एथेल रात्र रात्र गात असे.

१९२१ साली हॅरी पेस या कृष्णवर्णीय गृहस्थाने 'ब्लॅक स्वान' या नावाची ध्वनिमुद्रिका तयार करणारी कंपनी काढली. ब्लॅक स्वान म्हणजे काळा हंस. एकोणिसाव्या शतकातील एका विख्यात कृष्णवर्णीय गायिकेला लोक या नावाने ओळखत. तिच्या स्मरणार्थ कंपनीला हे नाव दिले होते. त्या काळच्या मोठ्या कंपन्या गोऱ्यांच्या मालकीच्या होत्या. आपल्या लोकांचे गाणे आपणच मुद्रित करावे, असा पेस यांचा हेतू होता. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या वेळात सारी कथा सांगावयाची असे. एथेलला ही कला उत्तम साधली होती. तिने गायिलेल्या 'डाउन होम ब्लूज' या गीताची तबकडी अतिशय खपली आणि नव्या कंपनीचे पाय स्थिर झाले. फ्लेचर हेंडरसन या तरुण पियानोवादकाला बरोबर घेऊन तिने मोठा दौराही केला. ज्या गावी तिला पाऊलही टाकता आले नव्हते, तेथे तिचा आवाज ग्रामोफोनवरून आधीच पोहोचला होता!

याच सुमारास चित्रपटसृष्टीत मोठी क्रांती घडून आली. मुके चित्रपट बोलू लागले. आता पडद्यावर गाणाऱ्यांची गरज भासू लागली. १९२९ साली 'ऑन विथ द शो' या रंगीत बोलपटात एथेल प्रथम दिसली. तिचे काम लहान होते. कथेशी तिचा फारसा संबंध नव्हता. तिने यावे, गावे आणि निघून जावे, एवढेच. परंतु त्या बोलपटातील 'अ‍ॅम आय ब्लू' हे तिचे गीत देशभर लोकांच्या ओठी झाले.

१९३३ साल तिच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. हार्लेममध्ये 'कॉटन क्लब' नावाचे एक प्रसिद्ध रंजनगृह होते. तेथे गाणारे आणि नाचणारे सारे कृष्णवर्णीय असत. प्रेक्षक म्हणून मात्र गोऱ्यांनाच प्रवेश असे. केवढी ही विसंगती! ज्यांच्या कलेवर ते गृह चालत होते, त्यांच्याच बांधवांना त्याचे दार बंद होते. या ठिकाणी एथेलने 'स्टॉर्मी वेदर' हे हॅरोल्ड आर्लेन यांनी स्वरबद्ध केलेले गीत म्हटले. बाहेरचे वादळ आणि अंतःकरणातील वादळ यांचा मेळ घालणारे ते गीत तिच्या मुखातून ऐकण्यासाठी लोकांची रीघ लागली.

त्या श्रोत्यांत अर्व्हिंग बर्लिन हे थोर संगीतकार होते. त्यांनी ब्रॉडवेवरील आपल्या 'अ‍ॅज थाउजंड्स चिअर' या नव्या संगीत-प्रयोगात एथेलला प्रमुख कलावंतांत स्थान दिले. ब्रॉडवे ही न्यूयॉर्कची नाट्यनगरी होय. तेथे गोऱ्या नटनट्यांच्या बरोबरीने एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव झळकावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. त्या प्रयोगाची रचना वृत्तपत्रासारखी होती. प्रत्येक प्रवेशापूर्वी एक मथळा दाखवला जाई. एका प्रवेशाचा मथळा भयंकर होता: जमावाने एका कृष्णवर्णीयाची हत्या केल्याची ती बातमी होती. नंतर पडदा वर जाई. एथेल त्या मृताची पत्नी म्हणून रंगमंचावर येई. संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली आहे. मुले वाट पाहत आहेत. आणि बाबा आता कधीच येणार नाहीत, हे त्यांना कसे सांगावे, या विवंचनेत ती गात आहे. करमणुकीसाठी आलेले प्रेक्षक हे गाणे ऐकून स्तब्ध होत. आपल्या देशात घडणारा अन्याय त्यांना त्या तीन-चार मिनिटांत दिसत असे.

तरीही केवळ गायिका म्हणून ओळखले जाणे एथेलला पुरेसे वाटत नव्हते. ३ जानेवारी १९३९ रोजी 'मँबाज डॉटर्स' या गंभीर नाटकात तिने हेगार या दुर्दैवी मातेची प्रमुख भूमिका केली. ब्रॉडवेवरील गंभीर नाटकाची नायिका म्हणून एखादी कृष्णवर्णीय स्त्री उभी राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. या भूमिकेत तिला आपल्या आईचे दुःख दिसले. आईने जे सोसले आणि जे तिला कधी बोलता आले नाही, ते हेगारच्या मुखाने बोलता येईल, असे तिला वाटले. पहिल्या प्रयोगानंतर टाळ्यांचा कडकडाट थांबेना. एका प्रसिद्ध समीक्षकाने मात्र प्रतिकूल मत दिले. तेव्हा अनेक कलावंतांनी एकत्र येऊन तिची प्रशंसा करणारी जाहिरात वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. त्या समीक्षकाने नाटक पुन्हा पाहिले आणि आपले मत बदलले. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्क येथे प्रायोगिक दूरचित्रवाणीवरून तिचा स्वतंत्र कार्यक्रम दाखवण्यात आला. त्या वेळी दूरचित्रवाणीचे यंत्र असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

१९४० साली 'केबिन इन द स्काय' या संगीत नाटकात तिने पेट्युनिया या श्रद्धाळू व प्रेमळ पत्नीचे काम केले. १९४३ साली व्हिन्सेंट मिनेली यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात लीना हॉर्न ही सुंदर तरुण गायिकाही होती. चित्रीकरणाच्या काळात एथेलचे तिच्याशी व इतरांशी खटके उडाले. लहानपणी फार फसवणूक सोसल्यामुळे एथेलचा स्वभाव संशयी आणि तापट झाला होता. तिचे म्हणणे पुष्कळदा खरे असे. पण ते मांडण्याची रीत कठोर असे. याचे फळ तिला भोगावे लागले. पुढे सुमारे सहा वर्षे तिला चित्रपटात काम मिळाले नाही.

कृष्णवर्णीय अभिनेत्रीपुढे या काळी आणखी एक मोठी अडचण होती. तिच्या वाट्याला भूमिका येई ती बहुधा मोलकरणीची, स्वयंपाकिणीची किंवा दाईची. नायिका तर दूरच राहो. 'पिंकी' या १९४९ सालच्या चित्रपटाचे उदाहरण घ्या. गोऱ्या वर्णाची दिसणारी एक कृष्णवंशीय मुलगी त्याची नायिका आहे. पण ती भूमिकाही एका गोऱ्या अभिनेत्रीलाच देण्यात आली. एथेलने तिच्या आजीचे काम केले. कपडे धुऊन, काबाडकष्ट करून नातीला शिकवणारी ही अशिक्षित आजी पाहताना सॅली अँडरसनची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एलिया कझान यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटासाठी एथेलचे नाव ऑस्कर पारितोषिकाकरिता सुचवण्यात आले. तिच्यापूर्वी हा मान केवळ हॅटी मॅकडॅनिएल या एकाच कृष्णवर्णीय कलावंताला मिळाला होता.

भूमिका मोलकरणीची असली, तरी ती करणारी व्यक्ती लाचार असलीच पाहिजे असे नाही, हे एथेलने दाखवून दिले. १९५० साली कार्सन मॅकलर्स या लेखिकेचे 'द मेंबर ऑफ द वेडिंग' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील बेरेनीस ही दक्षिणेतील एका घरची स्वयंपाकीण आहे. बारा वर्षांची एक एकाकी मुलगी आणि एक लहान मुलगा यांना तिचाच आधार आहे. त्यांचे हट्ट ती पुरवते, त्यांना रागावते आणि स्वतःचे दुःख बाजूस सारून त्यांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगते. नाटक प्रथम वाचले तेव्हा त्यात ईश्वराला स्थान नाही, म्हणून एथेलने काम नाकारले होते. शेवटी एका प्रवेशातील गाणे बदलून तेथे आजीचे ते चिमणीचे भजन घालावे, अशी तिने इच्छा व्यक्त केली आणि ती मान्य झाली. दोन्ही मुलांना जवळ घेऊन ती भजन गाऊ लागली, की नाट्यगृहात शांतता पसरत असे. या नाटकाचे ५०१ प्रयोग झाले. १९५२ साली त्यावर निघालेल्या चित्रपटातही तिने हीच भूमिका केली.

याच वेळी दूरचित्रवाणीवरील 'ब्यूला' या मालिकेतही ती मोलकरणीच्या प्रमुख भूमिकेत दिसत होती. वेतन चांगले होते, प्रसिद्धीही होती. परंतु त्या मालिकेत कृष्णवर्णीयांना ज्या रीतीने रंगवले जाई, ते तिला रुचले नाही. तिने १९५१ साली ते काम सोडून दिले. बेरेनीस आणि ब्यूला या दोघीही दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या. पण एकीला स्वतःचे मन होते. दुसरी केवळ लोकांना हसवण्यासाठी घडवलेली बाहुली होती. हा भेद एथेलला चांगला कळत होता. कारण तिने स्वतः मोलकरणीचे जिणे जगून पाहिले होते.

१९५१ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आजीच्या त्या भजनाचेच नाव तिने त्याला दिले. पुढील काळ मात्र सुखाचा गेला नाही. करांची बाकी डोक्यावर बसली, कामे कमी झाली आणि देह स्थूल झाल्यामुळे प्रकृतीही साथ देईना. १९५७ साली बिली ग्रॅहम या धर्मोपदेशकांच्या न्यूयॉर्कमधील सभांना ती गेली आणि तेथील गायकवृंदात सामील झाली. कोणे एके काळी जिच्या नावाने नाट्यगृहे भरत, ती शेकडो गायकांतील एक म्हणून उभी राहिली. तिला त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे अनेक वर्षे ती त्यांच्या सभांतून भजने गात राहिली.

१९६१ साली दूरचित्रवाणीवरील 'रूट ६६' या मालिकेच्या एका भागात तिने मरणोन्मुख ब्लूजगायिकेचे काम केले. आपले जुने साथीदार एकदा पुन्हा एकत्र यावेत, एवढीच त्या गायिकेची अखेरची इच्छा असते. या भूमिकेसाठी एमी पारितोषिकाकरिता तिचे नाव सुचवण्यात आले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री होय. जे गाणे गात ती जगापुढे आली होती, त्याच गाण्याने तिच्या अभिनयाचेही जणू उद्यापन केले.

१ सप्टेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात वयाच्या ऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तिच्या जुन्या तबकड्यांतील गाणी आजही जतन करून ठेवलेली आहेत. ती ऐकताना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो.

एथेल वॉटर्सला वैभव लाभले आणि ते गेलेही. तिच्या हातून चुका झाल्या. त्यांची किंमतही तिने मोजली. परंतु ज्या कामाला जग हलके मानत होते, त्यातील माणूस तिने जगाला दाखवला. चेस्टरच्या गल्लीत भुकेने व्याकूळ झालेली ती मुलगी आजीच्या भजनातील चिमणीसारखीच लहान होती. जगाने तिच्याकडे पाहिले नव्हते. पण ती गाऊ लागली, तेव्हा त्याला थांबून ऐकावेच लागले.